हवालदाराचा पंचनामा

ज्या शनिवारी आमच्या नाटकातला हवालदार इस्लामपूरच्या स्टँडवर अडकला, त्या शनिवारी नाट्यगृहाच्या दारावरच्या वॉचमनना आम्ही रंगमंचावर पाठवलं. त्यांना दोन वाक्यं होती. त्यातलं एक ते म्हणाले. दुसरं विसरले. त्यानंतर मरेपर्यंत ते नाटकात काम करत होते.

त्यांनाच पाठवण्याचं कारण एवढंच, की गणवेश त्यांच्या अंगावर होता. दुसरा गणवेश इस्लामपूरला त्या अडकलेल्या नटाच्या पिशवीत होता.

नाटक आमच्या सांगलीतल्या हौशी संस्थेचं. एका घरात चोरी होते आणि नेमकं काय चोरीला गेलं हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही, एवढीच त्याची गोष्ट. पडदा उघडला की हवालदार येतो, "चोरी कुठं झाली?" म्हणून विचारतो, घरातली आजी बोलायला लागते ती थांबत नाही, मग हवालदार "सही करा" म्हणतो आणि जातो. मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर. दिवसा एका वाचनालयात पुस्तकांची देवघेव करायची आणि प्रयोग असला की विंगेत संहिता घेऊन बसायचं, कुणी वाक्य विसरलं तर हळूच पुरवायचं, हे माझं काम. आमचे दिग्दर्शक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सर दारावर गेले आणि वॉचमनना म्हणाले, "दोन वाक्यं म्हणाल का?"

ते ताठ उभे राहिले. "ऑर्डर असली तर म्हणतो, सर."

विंगेत ते माझ्याशेजारी उभे होते. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरी घंटा वाजली आणि त्यांचे दोन्ही हात मुठी वळून गालांपर्यंत वर आले. हनुवटी खाली गेली, डावा पाय पुढं आला, आणि तसेच, खांदे डोलवत, चवड्यांवर नाचत ते पडदा उघडता उघडता रंगमंचाच्या मध्यावर पोचले. समोर आजीच्या भूमिकेत आमच्या मावशी होत्या. मावशी म्हणजे निवृत्त परिचारिका, उंचीनं हवालदाराच्या छातीपर्यंत. त्यांनी आयुष्यभर रुग्णालयात नाही नाही ते बघितलेलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं हवालदार, मी चोर न्हाई. मी फिर्यादी हाय."

नाट्यगृह कोसळलं म्हणतात तसं झालं. वॉचमननी आपल्या मुठींकडं पाहिलं, हात खाली घेतले, "चोरी कुठं झाली?" म्हणाले, मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत, शेवटी मावशींना कडक सॅल्यूट ठोकला आणि दाराऐवजी खिडकीतून बाहेर आले.

माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "बाई, लोक हसले. माझं चुकलं."

सर मागून येऊन म्हणाले, "उद्याच्या प्रयोगालाही असंच चुका."

"तेवढं जमायचं न्हाई, सर. चूक दोन डाव सारखी होत न्हाई. ती शिकावी लागंल."

ते मुष्टियोद्धा होते हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं. पाटणच्या वर कोयनेच्या अंगाला त्यांचं गाव. आई-वडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं वाढवलं. अठराव्या वर्षी सैन्यात गेले, तिथं कुणीतरी हातात मोजे चढवले, आणि काही वर्षांत ते त्यांच्या वजनाच्या गटात देशाचे विजेते झाले. एकदा नव्हे, दोनदा. मग एका लढतीत डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. मोजे सुटले, पुढं नोकरीची मुदत संपली, आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या नाट्यगृहाच्या दारावर आले. पाटणला राहिलो असतो तर रोज कुणीतरी हार घातला असता, म्हणाले. हाराची त्यांना धास्ती होती. डोळ्याबद्दल कुणी हळहळलं की ते म्हणत, "एक पडदा सरकला म्हणून दुसरा उघडला. तुमी कशाला रडताय?"

नाक मधोमध बसलेलं, कान फुलून मुडपलेले, भुवईत दोन ठिकाणी केस नाहीत. रस्त्यात समोरून आले तर माणसं बाजूला होत. आवाज मात्र बारीक आणि सौम्य. ती देहाची आणि आवाजाची फारकत ऐकली की लोकांच्या तोंडावर आधी नवल आणि मग हसू येई. त्यासाठी त्यांना काही करावं लागत नसे.

ते माश्या मारत नसत. हवेत हात फिरवून मूठ बंद करत, खिडकीपाशी जाऊन उघडत, माशी उडून जाई. सरांनी एकदा विचारलं, मारत का नाही. म्हणाले, "मारायचं लायसन सरकारला परत दिलंय."

मी जैन घरातली. सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळं प्रयोगाच्या दिवशी दिवस असतानाच डबा उघडून बसते. पहिल्या दौऱ्यात त्यांनी ते पाहिलं. रात्री प्रयोगानंतर सगळे जेवायला बसले, मी नुसती बसून राहिले, तेव्हा ते जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं वजन कवा हाय?"

मला कळेना. मग उलगडलं. लढतीच्या सकाळी वजन होतं, गटाच्या वर गेलं तर लढता येत नाही, म्हणून आदल्या रात्री हे लोक पाण्यालासुद्धा शिवत नाहीत. माझंही तसंच काही असणार असं त्यांनी धरलं होतं. मी सांगितलं, हे आमच्याकडं रोजचंच. "रोज?" म्हणाले. "आन् लढत कवाच न्हाई?" त्या दिवसापासून प्रयोगाच्या दिवशी तेही माझ्याबरोबर दिवसाउजेडी जेवत आणि मग काही खात नसत. धर्माचा संबंध नव्हता. एकटीनं वजन करू नये, एवढाच त्यांचा विचार.

वजनाचं वेड त्यांचं स्वतःचंही सुटलं नव्हतं. प्रयोगाआधी ते वजन करणारच. सांगलीत असलो तर औषधाच्या दुकानात, बाहेरगावी जिथं काटा सापडेल तिथं. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणत, "आज अंगावर किती हाय ते ठावं पायजे. तेवढंच घिऊन आत जायचं." कवठे महांकाळला एकदा काही मिळेना, तेव्हा ते एका व्यापाऱ्याच्या वखारीत बेदाण्याच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. व्यापारी चष्मा वर करून म्हणाला, "ह्यो माल कुठला?"

"पाटणचा. जुना हाय."

"ओलावा किती?"

"भाव पाडू नका, मालक. टिकाऊ हाय."

मेकअपच्या खोलीत ते खुर्चीवर बसत नसत. त्यांना स्टूल लागे. भिंतीच्या कोपऱ्यात स्टूल मांडून, दोन्ही हात बाजूंना पसरून, दोरांवर टेकल्यासारखे बसत. पायापाशी बादली आणि खांद्यावर टॉवेल. एन्ट्रीआधी चूळ भरून बादलीत टाकत. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असलं तरी ते एकच मिनिट बसत आणि उठत. आणि मला ते 'सेकंड' म्हणत. कोपऱ्यात लढणाऱ्याला पाणी पाजणारा, जखम पुसणारा, कानात दोन शब्द सांगणारा जो माणूस असतो त्याला त्यांच्याकडं सेकंड म्हणतात. "घंटा झाली की सेकंडनं रिंगच्या भाईर जायचं असतंय," ते सांगत. "तुमी लय भारी सेकंड. आतच बसताय."

विनोद त्यांना कुणी शिकवला नाही. एकदा मी विचारलं, लोक कधी हसणार हे कसं कळतं. म्हणाले, "बुक्की येताना दिसली की लागत न्हाई, बाई. जी दिसत न्हाई ती झोपवती. हसू बी तसंच हाय. म्या येताना दिसू देत न्हाई."

वाचनालयात ते अधूनमधून येत. पहिल्यांदा आले तेव्हा कपाटांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ज्यात माणसं कमी बोलत्यात असं एकांदं पुस्तक द्या." मी शोधलं. असं पुस्तक आमच्याकडं फार सापडलं नाही.

हे सगळं मी सांगते आहे, पण सांगायचं आहे ते पंचनाम्याचं.

पहिल्या प्रयोगानंतर सरांनी त्यांची भूमिका वाढवत नेली. दोन वाक्यांची दहा झाली, आणि दुसऱ्या अंकात एक मोठा प्रवेश आला. काय चोरीला गेलं ते कळत नाही, तेव्हा काय राहिलं आहे ते लिहू, म्हणजे त्यात नाही ते गेलेलं, असा हवालदाराचा हिशेब. मग तो घरातल्या एकेका वस्तूचा पंचनामा करतो. "एक पितळी तांब्या, कानाजवळ चेंबलेला. दोन चादरी, पैकी एक उसवलेली. एक घड्याळ, चालू, वेळ चुकीची. ..." आणि सगळ्यात शेवटी, "एक म्हातारी, चालू..." इथं मावशी त्यांच्या थोबाडीत देत आणि ते आडवे होत. म्हातारी सोडून पंचनाम्यात सत्तावीस वस्तू होत्या. लोक तो प्रवेश बघायला पुन्हा पुन्हा येत.

सत्तावीस वस्तू त्यांना पाठ होईनात. महिनाभर तालीम झाली, सर चिडले, तेही स्वतःवर चिडले. मग एके दिवशी नाट्यगृहाच्या मागच्या आवारात मी त्यांना बघितलं. ते एकटेच हवेत ठोसे मारत होते आणि प्रत्येक ठोशाबरोबर एक शब्द बोलत होते. "एक" डावा, "पितळी" डावा, "तांब्या" उजवा. "कानाजवळ" खाली वाकून, "चेंबलेला" खालून वर. अख्खा पंचनामा त्यांनी चार दिवसांत असा अंगात उतरवला. मी माझ्या संहितेत समासात पेन्सिलीनं खुणा केल्या, डा, डा, उ. कधी अडले तर मी शब्द सांगत नसे, नुसतं "उजवा" म्हणे. खांदा किंचित हले, प्रेक्षकांना दिसायचंही नाही, आणि वाक्य येई.

थोबाडीत खाण्याबद्दल मात्र त्यांच्या घरी राग होता. थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, आयुष्यभर गावात एकच गोष्ट सांगितली होती, माझा भाऊ मारणारा हाय, मार खाणारा न्हाई. तो भाऊ सांगलीत म्हातारीच्या हातची थोबाडीत खातो आणि लोक तिकीट काढून हसतात, हे कुणीतरी गावात जाऊन सांगितलं. दादांनी निरोप पाठवला, सोंग सोडलंस की घरी ये. तरी ते सणाला जात, दादा जेवायला वाढत, बोलत नसत. अशी काही वर्षं गेली.

मी एकदा म्हटलं, त्यांना प्रयोग दाखवा. ते म्हणाले, "मारायला काय लागतंय, बाई? मार खाल्ल्यावाणी दाखवणं अवघड. मावशींचा हात बारका, हाडं म्हातारी. त्यांच्या हाताला लागू द्यायचं न्हाई आन् लोकास्नी वाटलं पायजे की हत्ती पडला. हे दादाला सांगून कळणार न्हाई. बगावं लागंल. पर बगाय यायला पायजे ना."

पंचनाम्यातली पहिली वस्तू गळली ती कवठे महांकाळलाच, बेदाण्याच्या काट्यानंतरच्या वर्षी. एक छत्री होती, ती आली नाही. मी "डावा" म्हटलं, ते पुढच्या वस्तूवर गेले. प्रेक्षकांना काय कळणार. नंतर मला म्हणाले, "बाई, आज छत्री चोरीला गेली." आम्ही दोघंही हसलो. पुढच्या प्रयोगात छत्री आली, पण पाट गेला. मग कधी दोन जात, कधी चार. मी समासात बारीक फुल्या मारत राहिले. एका प्रयोगाला पंचनामा एकोणीस वस्तूंचा झाला, तेव्हा आम्ही हसलो नाही. त्याच आठवड्यात ते वाचनालयातून निघाले आणि नाट्यगृह कुठल्या बाजूला हे त्यांनी मला विचारलं. तिथं त्यांनी तोवर दहा वर्षं काढली होती.

मी त्यांना मिरजेच्या एका रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, सौजन्यानं विचारत होते. "काय काय विसरता?"

"ते आठवलं असतं तर हितं आलो असतो व्हय?"

डॉक्टर हसले, मग डोक्याच्या स्कॅनची चित्रं बघून गंभीर झाले. तरुणपणी डोक्यावर घेतलेल्या ठोशांचा हिशेब शरीर उशिरा मांडतं, असं ते म्हणाले. हे हळूहळू वाढेल, मागं फिरणार नाही. शब्द आधी जातील, अंगवळणी पडलेलं बरंच दिवस राहील. पाठांतराचा ताण नको. येताना रिक्षात, मिरज मागं पडल्यावर, ते म्हणाले, "सरांस्नी सांगू नका. सांगितलं की ते मायेनं काम काडून घेत्याल. मला दारावर बसवत्याल."

मी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"पाटणचा प्रयोग ठरलाय. दादाला निरोप धाडलाय. ह्या खेपंला येतो म्हणलाय. तेवढं एकदा त्यानं बगू द्या. मग तुमीच सांगा सगळ्यांस्नी."

पाटणच्या प्रयोगाला सात आठवडे होते. मी सरांना सांगितलं नाही. ते बरोबर केलं असं मी आजही म्हणणार नाही. प्रॉम्प्टरनं नटाला सांभाळायचं असतं तसं नाटकालाही सांभाळायचं असतं, आणि भर रंगमंचावर सगळं पुसलं गेलं तर समोर उभ्या मावशींचं काय, बाकीच्यांचं काय, हे मला समजत होतं. त्या सात आठवड्यांत आम्ही रोज दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंचनामा घोटला. मी पुस्तकांवर पट्ट्या चिकटवत "डावा, डावा, उजवा" म्हणायची आणि ते कपाटांच्या मधल्या बोळात वस्तू मोजायचे. कधी पंचवीस येत. कधी अकरा. अकरा आल्या की ते पट्ट्या चिकटवायला बसत. ते काम त्यांना छान जमे.

पाटणचा प्रयोग शाळेच्या पटांगणात, मंडपात होता. संध्याकाळी आम्ही एका रेशन दुकानाच्या काट्यावर त्यांचं वजन केलं आणि ऊन असेतो जेवलो. गावाकडून दोन टेम्पो भरून माणसं आली. पहिल्या रांगेत मधोमध दादा बसले, डोक्याला पटका, मांडीवर हात, चेहऱ्यावर पंचांसारखा भाव. विंगेतून त्यांनी दादांना पाहिलं आणि स्टुलावर जाऊन बसले. "सेकंड," म्हणाले, "आज माझ्या जवळ बसा."

पहिला अंक व्यवस्थित झाला. लोक हसत होते, दादा हसत नव्हते.

दुसऱ्या अंकात ते वही घेऊन मधोमध आले, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाले, "एक."

पुढं काही आलं नाही.

मी "डावा" म्हटलं. त्यांचा डावा खांदा हलला. शब्द आला नाही. मी "डावा, उजवा" म्हटलं. हात हलले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी नियम मोडून शब्दच सांगितले, "पितळी तांब्या", आधी हळू, मग जरा मोठ्यानं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत शब्द ऐकल्याची खूण होती, पण त्याचं काय करायचं ते माहीत असल्याची नव्हती. मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. दादा पुढं झुकले. माझ्यापाशी पडद्याची दोरी ओढायला सांगण्याची खूण होती, हिरवी बॅटरी. ती मी उचलली.

तेवढ्यात ते चालायला लागले. कोपऱ्यातल्या तांब्यापाशी गेले. तो उचलला, फिरवला, चेंबलेली जागा सापडली. ती बोटानं चाचपली. मग तेच बोट स्वतःच्या चेंबलेल्या कानाकडं नेलं, कान चाचपला, तांब्या बघितला, कान चाचपला, आणि वहीत एकाऐवजी दोन वस्तू लिहिल्या.

मंडपात आधी एक माणूस हसला, मग दहा, मग सगळे. मी बॅटरी खाली ठेवली. ते चादरीकडं गेले. दोन डावे, एक उजवा अशा त्याच जुन्या चालीनं एकेक वस्तू घेत गेले. घड्याळ कानाला लावलं, ऐकू आलं नाही, दुसऱ्या कानाला लावलं. आरशापुढं आले तेव्हा आतल्या माणसाला बघून मुठी वर आल्या, मग ओळख पटली, मग त्यालाही वहीत लिहून घेतलं. सत्तावीसच्या सत्तावीस वस्तू झाल्या. मी संहितेवर बोट ठेवून मोजल्या. कितीतरी महिन्यांनी एकही गळली नव्हती.

शेवटी म्हातारी. त्यांनी मावशींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, एकदा घड्याळाकडं बघितलं आणि वहीत लिहिलं. मावशींनी थोबाडीत दिली. ते पडले.

रोज ते पडून लगेच बसते होत. त्या दिवशी उठले नाहीत. एक श्वास गेला, दोन गेले. मावशी वाकून बघणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"एक."

दादा उभे होते. हात वर, एक बोट.

"दोन."

धाकट्या भावाच्या लढती बघायला ते पूर्वी पुण्यापर्यंत जात, हे मला नंतर कळलं. खाली पडलेल्यासमोर पंच कसे मोजतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीनला दोन्ही टेम्पोतली माणसं मोजायला लागली. पाचला अख्खा मंडप मोजत होता. आठला ते उठले. मुठी गालाशी आणून मावशींसमोर उभे राहिले.

मावशी म्हणाल्या, "आता म्हातारीला मारतोस व्हय रं?"

त्यांनी मुठी खाली घेतल्या, वही पुढं केली आणि अंगठा कुठं उठवायचा ते बोटानं दाखवलं. त्यानंतर नाटक दहा मिनिटं पुढं सरकलं नाही. दादा खाली बसून पटक्याच्या शेवानं तोंड पुसत होते. हसत होते की रडत होते ते विंगेतून मला दिसलं नाही.

प्रयोगानंतर दादा मागं आले. भाऊ स्टुलावर बसलेला, हात पसरून. दादा समोर उभे राहिले.

"पडलास चांगला."

"शिकलोय."

"आदी का न्हाई शिकलास? नाक तरी राहिलं असतं."

दादांनी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि त्यांचा चेहरा पुसायला लागले. रंग निघाला तरी पुसत होते.

मी त्याच रात्री गाडीत सरांना सगळं सांगितलं. सर दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं नाही. पंधराव्या दिवशी ते वाचनालयात आले, माझ्याकडून संहिता मागून घेतली, खिशातून लाल पेन काढलं. उत्तरपत्रिका तपासावी तशी पानं उलटत त्यांनी हवालदाराची सगळी वाक्यं एकेक करून खोडली. "चोरी कुठं झाली?" सुद्धा खोडलं. शेवटी म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पायऱ्यांची गरज नाही."

त्यानंतर चार वर्षं ते एक शब्दही न बोलता ते काम करत होते, आणि पूर्वी कधी मिळालं नव्हतं इतकं हसू त्यांना मिळालं. वाईला एका मालिकेचं चित्रीकरण चालायचं. तिथल्या कुणीतरी साताऱ्यात आमचा प्रयोग बघितला आणि त्यांना सावकाराच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं काम दिलं. मालिकेतल्या मंडळींना वाटलं, हे खरोखरच मुके आहेत. तीन दिवस सगळे त्यांना खुणा करून सांगत होते, उभे राहा, बसा, जेवा. त्यांनीही दुरुस्त केलं नाही. चौथ्या दिवशी चहावाल्याला म्हणाले, "बिनसाखरंचा," आणि रंगभूषाकाराच्या हातातली पावडरची डबी खाली पडली. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "लोक खुणा करताना लय माया करत्यात, बाई. बोलताना करत न्हाईत."

शेवटच्या वर्षी त्यांच्या आठवणीतून माझं नाव गेलं. वाचनालय गेलं, सर कोण तेही गेलं. घंटा कधी गेली नाही. तिसरी घंटा झाली की मुठी वर येत आणि पाय आपोआप निघत. प्रयोगाला दादा गाडीतून त्यांना घेऊन येत आणि कोपऱ्यात बादली धरून उभे राहत.

ते गेल्या हिवाळ्यात पाटणच्या वरच्या त्यांच्या घरी वारले. आदल्या महिन्यात साताऱ्याला प्रयोग झाला होता. शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, आणि मला बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिलं.

नाटक चालू आहे. पुढचा प्रयोग इस्लामपूरला आहे. हवालदाराचं काम आता एक तरुण शिक्षक करतो. त्याचा आवाज चांगला आहे, पाठांतर पक्कं आहे. त्याला एकही वाक्य नाही.